माळ घालायची, पण कोणत्या दिवशी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. भाऊ ३४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. दारू ११ वर्षांची. चार वर्षांपूर्वी बायपोलरचं (मन कधी अती उसळतं, कधी अती खचतं असा आजार) निदान झालं, मन स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी सुरू आहे, पण मध्येमध्ये खाडे पडतात. गेल्या वर्षी तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि दिवाळीला पुन्हा सुरुवात झाली. आई म्हणते, औषधं पुरे झाली, येत्या एकादशीला महाराजांकडून माळ घालून आणू आणि त्या दिवसापासून गोळ्याही बंद. तुमचे मिस्टर म्हणतात, ही सगळी अंधश्रद्धा, त्याला परत केंद्रात टाका. तुम्ही मधे अडकलाय आणि विचारताय की अध्यात्मानं दारू खरंच सुटते का, आणि दोघांतलं कुणाचं ऐकू.

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. त्यात आई काय म्हणते ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे, केंद्रवाले काय म्हणाले तेही आहे. भाऊ स्वतः काय म्हणतो याची एक ओळ नाही. मला खरी अडचण तिथं दिसते. घर दोन पक्षांत वाटलं गेलं की पिणाऱ्या माणसाला लपायला जागा मिळते. तो आईला सांगतो की गोळ्यांनी डोकं जड होतं, आणि भाऊजींना सांगतो की आई माळेसाठी मागं लागलीय. दोघं एकमेकांशी भांडत बसतात आणि संध्याकाळी सातला तो कुठं होता हे विचारायचं राहून जातं. देव की डॉक्टर हा वाद माझ्यासमोर शेकडो घरांत झालाय. त्यातून कुणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही.

आता सरळ उत्तर देते. हो, काही माणसांची दारू सुटण्यात श्रद्धेचा मोठा वाटा असतो. मी कोल्हापुरात २३ वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. माळ घालून, आदमापूरला बाळूमामांचा भंडारा लावून, किंवा नृसिंहवाडीला दत्तासमोर शब्द देऊन वर्षानुवर्षं न प्यालेली माणसं माझ्या माहितीत आहेत. पण ते कितपत जमेल हे तीन गोष्टींवर ठरतं: शरीर दारूला किती सरावलंय, सोबत दुसरा मानसिक आजार आहे का, आणि श्रद्धा कुणाची आहे, त्याची की घरच्यांची. तुमच्या भावाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे. बाकी दोन शोधायची आहेत.

शरीरापासून सुरू करते, कारण घाई तिथंच आहे. आपल्याकडचा आषाढ तुम्हाला माहीत आहे. त्र्यंबोलीच्या यात्रा, घरोघरी मटणाचा बेत, मग गटारी, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की हजारो माणसं एका झटक्यात बाटली बाजूला ठेवतात. ज्याचं पिणं शनिवार-रविवारपुरतं आहे त्याला काही होत नाही, उलट एक महिना शरीराला विश्रांती मिळते. पण जो सकाळी उठल्यावर हाताची थरथर थांबवायला पहिला पेग घेतो, त्यानं असं अचानक सोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. घाम सुटतो, ताप येतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, कुणीतरी मारायला आलंय म्हणून तो रात्री अंगणात पळतो. आम्ही याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतो. उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

आणि घरात याचा अर्थ काय लावला जातो? देवाच्या नावानं दारू सोडली आणि तिसऱ्या रात्री हे सुरू झालं, म्हणजे नक्की बाहेरची बाधा. लिंबू उतरवतात, देवरुष्याकडे नेतात. दरवर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असा एक तरी पेशंट माझ्याकडे दोन दिवस उशिरा येतो, कपाळाला अंगारा, दंडाला नवा गंडा आणि अंगात १०३ ताप. अंगाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या दोन दिवसांबद्दल आहे.

म्हणून तुमच्या भावाचा सकाळी हात थरथरतो का, यापूर्वी दारू बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का, हे आधी कळायला हवं. यातलं काहीही असेल तर पहिले पाच-सात दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शक्यतो दवाखान्यात राहूनच दारू बंद करायची. तिथं लोराझेपामसारखी औषधं काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. गावात एखाद्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय' म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावणार असतील, तर 'हा रोज दारू पिणारा आहे, आधी बी-१ द्या' एवढं सांगायला लाजू नका. बी-१ अगदी कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आईंना मी हेच सांगेन की माळ घालूया, फक्त एकादशी पुढची धरूया. हे आठ दिवस शरीराचे आहेत. नंतरची सगळी वर्षं देवाची असली तरी माझी हरकत नाही.

कारण औषधांचीही एक मर्यादा आहे. दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशा गोळ्या आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. पण सात वाजता शिफ्ट सुटल्यावर पाय कुठं वळवायचे, रिकामा रविवार कसा घालवायचा, ज्या बायकोवर हात उगारला तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसायचं, याचं उत्तर गोळीत नसतं. माळकऱ्याच्या आयुष्यात ते बरंचसं बांधून दिलेलं असतं. पहाटेचा काकडा, संध्याकाळचं भजन, महिन्याच्या दोन एकादश्या, आषाढीला नंदवाळची दिंडी. जेवायचं-प्यायचं काय हे ठरलेलं. जुन्या बैठकीतून उठून जायला कारण सांगावं लागत नाही, गळ्यातली माळ बघून समोरचाच ग्लास मागं घेतो. दारू सोडणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते रोज रोज 'नको' म्हणणं, आणि माळ त्याच्या वतीनं ते म्हणते. टाळकऱ्यांमध्ये उभा राहिला की तो बेवडा राहत नाही, कुणाचा तरी माऊली होतो. या नव्या ओळखीचं मोल मी कुठल्याही गोळीपेक्षा कमी मानत नाही.

पण माळेचा एक धोका मला फार उशिरा कळला. माझ्याकडे कागल भागातले एक दूध-टँकरचे ड्रायव्हर येत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) माळ घालून चार वर्षं थेंबाला शिवले नव्हते. पुतण्याच्या वरातीत कुणीतरी आग्रह केला आणि एक घेतली. एकच. त्या रात्री त्यांनी माळ स्वतःच्या हातानं काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि पुढचे आठ महिने अखंड प्याले. शेवटी कावीळ झाली तेव्हा बायकोनं आणलं. मी विचारलं, त्या पहिल्या रात्रीनंतर फोन का नाही केलात? ते म्हणाले, "देवालाच फशिवलं म्हटल्यावर तुमास्नी काय तोंड दावू?"

नुसत्या गोळ्यांवर असलेला माणूस घसरला तर त्याला वाटतं की आपण चुकलो. नवस मोडलेल्याला वाटतं की आपण पापी आहोत. आणि पापाला आपल्या माणसांच्या दृष्टीनं एका पेगचं की एका पिंपाचं असा हिशेब नसतो. एकदा मोडलंच, मग पूर्णच मोडू दे. एका रात्रीची चूक आठ महिन्यांची होते ती इथं.

त्यांच्या पत्नीला मी म्हटलं, ज्यांच्याकडून माळ घातली होती त्यांना जाऊन सगळं खरं सांगा. त्या गेल्या. महाराजांनी ओरडा केला नाही. म्हणाले, एकादशीला घेऊन या, माळ परत घालू. आमच्याकडे शरीराचे उपचार झाले, मग ते गेले. ते मला नंतर म्हणाले की त्या दिवशी महाराजांनी 'परत ये' म्हटलं ते सगळ्यात मोठं औषध होतं.

तेव्हापासून कुणीही माळ घालणार, भंडारा उचलणार, शपथ घेणार म्हटलं की मी दिवस ठरायच्या आधीच विचारते: घसरलास तर पहिल्या २४ तासांत कुणाकडे जाणार? एक नाव आणि एक नंबर मी प्रिस्क्रिप्शनच्या मागं लिहून घेते. शक्य असेल तिथं महाराजांशी स्वतः बोलते. परत यायची वाट आधी आखलेली असेल तर माळ टिकते, असा माझा अनुभव आहे. शपथ घालणारा कुणी 'मोडलीस तर वंशाला लागेल' अशी भीती घालत असेल, तर त्याच्यापासून मात्र भावाला लांब ठेवा.

श्रद्धा कुणाची, हा मुद्दा आता घेते. आईनं ठरवलेली माळ मुलाच्या गळ्यात टिकत नाही. जाहिरातीतली पावडर चहातून गुपचूप देणं आणि न विचारता माळ घालणं, यांत मला एकच चूक दिसते. दोन्हीकडे माणसाला वगळून त्याची दारू सोडवायचा प्रयत्न आहे. पावडरचा धोका तर सरळ जिवाचा. डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात असताना दारू प्याला तर छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. ते औषध द्यायचं तर त्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात.

भावाचा देवाधर्माकडे ओढा नसेल तर? कोल्हापूर ही शाहू महाराजांची आणि सत्यशोधकांची भूमी आहे. इथं देव मानतो पण मध्यस्थ मानत नाही असं म्हणणारी घरं आहेत, आणि देवच मानत नाही म्हणणारीही आहेत. त्यांची दारू सुटत नाही असं मुळीच नाही. माझा एक पेशंट जुना कामगार कार्यकर्ता, पक्का नास्तिक. त्याला आधार मिळाला तो तालमीत. पहाटे पाचला पोरांचा सराव घ्यायचा म्हणजे रात्री पिऊन चालत नाही, एवढं साधं गणित. आपल्याहून मोठ्या कशाला तरी बांधून घेणं, आपण कुणाला तरी उत्तर देणं लागतो असं वाटणं, याला मी अध्यात्माचा गाभा समजते. त्याला तो तालमीत सापडला.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसनं, म्हणजे एएनं, ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत सावरले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, पण 'आम्हाला उमगला तसा' एवढ्याच अटीवर. मीटिंगला फी नाही, जात-धर्म विचारत नाहीत. २०२० मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय संशोधनं एकत्र पडताळणाऱ्या संस्थेनं, २७ अभ्यास, मिळून १०,५६५ माणसं, असा मोठा आढावा घेतला. त्यात दिसलं की दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीरपणे नेणारे उपचार इतर प्रस्थापित समुपदेशनापेक्षा सरस ठरले. तुमच्या मिस्टरांना हे जरूर सांगा. शास्त्रच म्हणतं की माणसाला माणसांत नेऊन बसवणं हा उपचार आहे. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की बहुतेकांना फायदा होतो तो मुख्यतः सोबत बदलल्यानं, आणि ज्यांचं व्यसन फार खोलवर गेलंय त्यांच्यात अध्यात्माचा वाटाही दिसतो. भजनी मंडळात बसणाऱ्यांबद्दल माझं निरीक्षण याहून वेगळं नाही.

आता बायपोलर. इथं मी आईंच्या विरोधात ठामपणे उभी आहे. लिथियम बंद करायचं नाही. दारू हे व्यसन आणि बायपोलर हा वेगळा आजार. माळेनं पहिल्याला धरून ठेवलं तरी दुसरा थांबत नाही. लिथियम एकदम तोडलं तर पुढच्या काही महिन्यांत बायपोलरचा मोठा झटका यायचा धोका बराच वाढतो.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या झटक्यात तो चार रात्री झोपला नव्हता, ज्योतिबा आपल्याशी बोलतो म्हणत होता, पगार उधळून गुलाल-खोबरं वाटत होता, आणि आईला अजून वाटतं की तेव्हा त्याच्यात देवपण आलं होतं. भक्ती कुठली आणि आजार कुठला हे ओळखायला मी काय बघते ते सांगते. चैत्र यात्रेत ज्योतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, कितीतरी जणांच्या अंगात येतं. ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी येतं, भोवतालचे लोक ते ओळखतात, ओसरलं की माणूस पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला रानात जातो. मी त्याला आजार म्हणत नाही. आजारात झोप उडते, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो, रोजचे भक्तही म्हणतात की हे काहीतरी वेगळं आहे, आणि ते दिवसेंदिवस वाढत जातं. ज्योतिबाचं नाव दोन्हीकडे आहे, कारण माणूस आजारी पडतो तोही आपल्याच भाषेत आणि आपल्याच देवासकट. आईंना म्हणा, ज्योतिबावर संशय नाही. झोपेवर लक्ष ठेवा. सलग दोन रात्री झोप नाही की डॉक्टरांना फोन.

माळकरी होणार आणि लिथियमही घेणार, तर आणखी एक गोष्ट. निर्जळी उपवास करायचा नाही. पाणी आणि मीठ एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उन्हात दिंडीला चालताना भरपूर पाणी हवं, आणि पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घ्यायचं नाही, त्यानंही लिथियम वाढतं. प्रमाण वाढल्याची लक्षणं म्हणजे उलट्या, जुलाब, हातांची मोठी थरथर, तोल जाणं, जीभ जड होणं. नीट बघा, हे हुबेहूब प्यालेल्या माणसासारखं दिसतं. 'परत ढोसली' म्हणून चिडून एखाद्याला खोलीत कोंडतात आणि खरं तर त्याला तातडीनं दवाखान्यात न्यायला हवं असतं. दारूचा वास येत नसेल आणि चाल बिघडली असेल, तर लगेच लिथियमची रक्ततपासणी.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूकही सांगते. एका पेशंटनं भीतभीत विचारलं होतं, नृसिंहवाडीला सात गुरुवार करायचेत, चालेल का? मी मान वर न करता म्हटलं, गोळ्या घ्या, बाकीचं सोडा. तो पुन्हा आला नाही. त्यानं मला सात गुरुवारांबद्दल विचारलं नव्हतं, तुमच्याकडे माझ्या श्रद्धेला जागा आहे का हे विचारलं होतं. आता पहिल्याच भेटीत मी विचारते की अडचणीत कुणाचा धावा करता. जागतिक मानसोपचार संघटनेच्या २०१६ च्या निवेदनातही हेच आहे: पेशंटची श्रद्धा विचारून घ्यावी, आणि डॉक्टरनं स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा त्याच्यावर लादू नये.

केंद्र असो वा मठ, कुठंही पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघा. केंद्राची मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? मारहाण, कोंडणं, उपाशी ठेवणं होतं का? चालू गोळ्या तोडायला सांगतात का? घरच्यांना भेटू देतात का? तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बरं होण्यासाठीच घरच्यांनी त्यांना तिथं आणलं होतं. २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी आहे, मग जागा देवाची असो की डॉक्टरची. दुसऱ्या बाजूला, त्याच तमिळनाडूतल्या एका देवळात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं सक्ती नव्हती, घरचं माणूस सोबत होतं, हलकी कामं होती, आणि रुग्णांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली होती. मायेनं ठेवून घेणारी जागा माणसाला बरं करायला हातभार लावते, हे यातून दिसतं.

तर या आठवड्यात एवढं करा. भावाच्या सकाळच्या थरथरीबद्दल विचारा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊन लिथियमची पातळी, किडनी, थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. रात्री-अपरात्री काही झालं आणि सल्ला हवा असेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण फिट आली किंवा भ्रम सुरू झाला तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आईंना सांगा की गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवा आणि सांजवातीनंतर तीर्थ द्यावं तशी गोळी स्वतःच्या हातानं द्या. एका आईनंच ही युक्ती मला शिकवली. तिच्या मुलाचा त्यानंतर दोन वर्षांत एकही खाडा नाही.

आणि भावाला, तो न प्यालेला असेल अशा वेळी, आई आणि मिस्टर दोघंही समोर नसताना विचारा: तुला माळ घालावीशी वाटते का? तो 'नाही' म्हणाला तरी वाद घालू नका, फक्त ऐकून घ्या. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत इथं लिहा. पुढचं त्यावरून सांगते.